कापसाच्या हिशेबाची स्क्रिप्ट आणि तिचं हेल्प

हिंगणघाटकडच्या आमच्या शेतकरी गटाकडे पायथन भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम आहे. काट्यावरची सीएसव्ही फाइल वाचायची, ओलावा जास्त असलेल्या गाड्या वेगळ्या काढायच्या आणि शेतकऱ्यागणिक क्विंटल व रक्कम छापायची. ती चालवतात ऑफिसातल्या ताई. बाहेर गाड्यांची रांग लागली की त्यांचा फोन येई, "भाऊ, हे लिमिट म्हणजे काय टाकू? समजून नाही राहिलं." म्हणून तिचं हेल्प, म्हणजे ती कशी चालवायची हे सांगणारा मजकूर, नीट लिहायचं मी मनावर घेतलं.

सुरुवात कोडपासून न करता ताईंच्या प्रश्नांपासून केली. ते फिरून तेच असत: आकडा कशात द्यायचा, कसा लिहायचा, नाही दिला तर काय होतं? प्रत्येक आर्ग्युमेंटच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवताना द्यायच्या माहितीच्या, ओळीत या तिन्हींचं उत्तर हवं, बाकी काही नसलं तरी चालेल.

पायथन २.७ पासून आर्गपार्स हे आर्ग्युमेंट वाचणारं मॉड्यूल सोबतच येतं आणि स्क्रिप्ट चालवताना हायफन एच दिलं की हेल्प आपोआप छापतं. मजकूर मात्र आपणच द्यावा लागतो. लिमिटसमोर लिहिलं: 'कमाल ओलावा, टक्क्यांत, फक्त आकडा, न दिल्यास १२'. हमीभावाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओलावा धरतात, म्हणून १२. पण हा आकडा हाताने लिहिला तर उद्या कोड बदलेल आणि हेल्प जुनंच राहील. त्यामुळे तिथे डीफॉल्टची, म्हणजे काही न दिल्यास धरल्या जाणाऱ्या किमतीची, खूण टाकली. छापताना आर्गपार्स खरी किंमत स्वतः भरतं. ही खूण टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते, म्हणून मजकुरात साधं टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, नाहीतर हेल्प मागताच प्रोग्राम कोसळतो. ओलाव्याच्या हिशेबात हे चिन्ह येणारच!

तारखेच्या ओळीला सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. ०५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर की अकरा मे? वर्ष-महिना-दिवस हा एकच क्रम ठेवला, हेल्पमध्ये नमुना म्हणून पूर्ण तारीख दिली आणि चुकीची तारीख आली तर तोच नमुना त्रुटीच्या ओळीतही दाखवला.

मजकूर मराठीतच ठेवला. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटतात, म्हणून ऑफिसच्या संगणकावर विंडोज टर्मिनल टाकून दिलं. आता नवा पर्याय जोडायचा झाला तर त्याची ओळ मी आधी ताईंना वाचून दाखवतो, त्यांनी "मग यात काय टाकायचं?" असं विचारलं, की ओळ पुन्हा लिहितो.