लॉर्ड्सच्या बदल्यात पावलोवा

लंडनला जायचं ठरलं तेव्हाच आमच्यात तह झाला होता, एक दिवस ह्यांचा, एक दिवस माझा. ह्यांचा दिवस अर्थातच लॉर्ड्सवर गेला, तिथे मी तीन तास गवत बघितलं आणि एकदाही तक्रार केली नाही हे इथे नोंदवून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने पोह्यांची प्लेट हातात देत विचारलं, मावशी आज कुठे स्वारी? म्हटलं पावलोवाकडे. तर तिची सात वर्षांची लेक म्हणते, आजी, पावलोवाकडे जात नाहीत, पावलोवा खातात!

तिचंही बरोबर आहे म्हणा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा वरून कुरकुरीत आतून मऊ असा गोल, त्यावर क्रीम आणि फळं, हे पावलोवा. मूळ पावलोवा म्हणजे रशियन बॅले नर्तकी, ती १९२६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नाचून आली आणि त्यानंतर तिच्या नावाचं हे गोड निघालं, पहिल्यांदा कोणी केलं यावरून दोन्ही देश अजून भांडतायत. ह्यांना तेवढ्यावरच समाधान होतं, "मग दुकानात जाऊन खाऊ ना, स्मशानात कशाला."

हो, स्मशानात. अ‍ॅना पावलोवा जन्मली सेंट पीटर्सबर्गला, १८८१ साली, पण तिच्या अस्थी आहेत उत्तर लंडनमध्ये, गोल्डर्स ग्रीनच्या दहनभूमीत. आणि मला तिथे जायचंच होतं, त्याचं कारण सांगायला जरा घरी यावं लागेल.

आमचं घर औरंगाबादला, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथे घर असलं की पाहुणे येतात आणि पाहुणे आले की अजिंठा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, किमान पंचवीस वेळा मी अजिंठ्याला गेले असेन, फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावा, शटल बस पकडा, पायऱ्या चढा, एक नंबरच्या लेण्याबाहेर चपला काढा, आत अंधारात डोळे सरावायच्या आत मागचा माणूस ढकलतो. माझं काम थर्मास आणि लहान पोरं सांभाळणं. पद्मपाणी बघितलाय का? बघितलाय, म्हणजे पाहुण्यांच्या डोक्यांमधून.

मी दहावीपर्यंत कथक शिकले. आमच्या बाई नर्तक उदयशंकरांच्या भक्त, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं की हा माणूस नाचाचं काही शिकला नव्हता, मुंबईच्या जे.जे.त आणि मग लंडनला चित्रकला शिकत होता, आणि त्याला नाचात ओढलं एका रशियन बाईने. पावलोवा १९२२-२३ च्या दौऱ्यात जपान, चीन करत हिंदुस्थानात आली, कलकत्त्यात मुंबईत नाचली, आणि परत जाऊन हिंदू विवाह आणि राधा-कृष्ण असे दोन नाच बसवले, त्यात हा कृष्ण आणि ती राधा. ही गोष्ट माहीत होती. जे माहीत नव्हतं ते गेल्या वर्षी रात्री मोबाईल चाळताना सापडलं, की त्याच १९२३ च्या सप्टेंबरात कॉव्हेंट गार्डनला तिने अजून एक बॅले केला, संगीत अलेक्झांडर चेरेपनिन नावाच्या चोविशीतल्या पोराचं, नृत्यरचना इव्हान क्लुस्तीनची, आणि नाव काय तर 'अजिंठ्याची भित्तिचित्रं'. मी उठून बसले. म्हणजे ज्या भिंतींसमोर मी पंचवीस वेळा पोरांची नाकं पुसली त्या भिंतीवरची माणसं या बाईने लंडनच्या स्टेजवर उभी केली! लाजच वाटली मला, खरं सांगते.

तर नॉर्दर्न लाईनने गोल्डर्स ग्रीन. ही लाईन म्हणजे एक प्रकरण आहे, मध्येच दोन फाटे फुटतात आणि आम्ही अर्थातच चुकीच्या फाट्याला लागलो, कॅम्डन टाऊनला परत येऊन गाडी बदलली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर हूप लेन, एका बाजूला ज्यूंचं कबरस्तान आणि समोर लाल विटांची दहनभूमी, १९०२ सालची. बाहेरून बघितलं तर चर्च किंवा जुनं कॉलेज वाटेल. आत गुलाब, हिरवळ, माळीबुवा शांतपणे काम करतायत. सिग्मंड फ्रॉईडच्या अस्थीपण इथेच आहेत, पण त्या दिवशी त्यांचा नंबर लागला नाही.

ऑफिसात विचारलं तर किल्ल्या घेऊन एक गृहस्थ बरोबर आले. अस्थी ठेवायची एक वेगळी इमारत असते, आत भिंतींना कोनाडे, कोनाड्यात कलश. आपल्याकडे अस्थी पाण्यात सोडून मोकळे होतात, इथे शंभर शंभर वर्षं फळीवर बसलेली माणसं बघून मला आधी कसंतरीच झालं. मग तिचा कोनाडा आला. कलश, त्याच्याजवळ एक छोटी पांढरी नर्तकी आणि एक छोटा हंस. बाजारात शोकेसमध्ये ठेवायला मिळतात ना, तसे. आणि तिच्याबरोबर व्हिक्टर दांद्रेचा कलश, तिचा मॅनेजर आणि नवरा, तो १९४४ ला गेला. किल्लीवाले म्हणाले पूर्वी तिचे बॅलेचे शूजही होते इथे, चोरीला गेले. मधे २००१ च्या सुमारास अस्थी मॉस्कोला न्यायचं चाललं होतं, तेही बारगळलं. बरं झालं. जन्म पीटर्सबर्गचा, राहिली लंडनमध्ये, वारली हेगला आणि अस्थी मॉस्कोला, असं कुठे असतं का.

शूजवरून आठवलं. तिचे पाय बॅलेच्या हिशोबात चुकीचे होते. घोटे बारीक, पायाची कमान नको इतकी उंच, त्यामुळे अंगठ्यावर उभं राहिलं की सगळा भार एका टोकावर. त्या काळच्या रशियात इटलीहून आलेल्या दणकट पायांच्या नर्तकींचं राज्य, गरागरा बत्तीस गिरक्या घेणाऱ्या. ही काडी. बॅलेच्या शाळेत मुली तिला झाडू म्हणायच्या. मग तिने काय केलं तर शूजच्या तळाला कडक चामडं घातलं आणि पुढचं टोक चपटं करून घेतलं, म्हणजे टेकायला जागा मिळाली. बाकीच्या म्हणाल्या ही चीटिंग आहे. आज सगळ्या बॅलेवाल्या जे घालतात ते साधारण त्याच वाटेवरचं. गंमत म्हणजे स्वतःच्या फोटोंमध्ये ते टोक खोडून बारीक करायला लावायची म्हणे! मला हे फार आवडलं. आमच्या बाई माझ्या सपाट पायांवरून बोलायच्या तेव्हा मी फक्त रडायचे.

आणि आई लोकांची धुणी धुणारी होती तिची. आठ-नऊ वर्षांची असताना तिने आईबरोबर मारिन्स्की थिएटरात 'स्लीपिंग ब्युटी' बघितला आणि ठरवूनच टाकलं. पहिल्यांदा शाळेने परत पाठवलं, १८९१ ला घेतलं.

तिथून चालत निघालो तिच्या घराकडे, नॉर्थ एंड रोडवर, आयव्ही हाऊस. १९१२ पासून मरेपर्यंत ती इथली. आता आत शाळा आहे म्हणून बाहेरूनच बघितलं, फाटकाच्या गजांतून डोकावणारी मी आणि चार पावलं लांब उभं राहून आपला काही संबंध नाही असं दाखवणारे हे. इथे मागे तळं होतं आणि तळ्यात हंस. त्यातला एक जॅक. बाईंच्या मांडीवर बसलेला, मान तिच्या गळ्याला वेढलेली, असे फोटो आहेत. हंस किती तिरसट प्राणी, जवळ गेलं की फिस्कारून अंगावर येतो, पण याचं तिच्याशी जमायचं. वर्षातले कितीतरी महिने बोटी, ट्रेन, हॉटेलं, आणि परत आलं की हे तळं.

बाजूच्याच गोल्डर्स हिल पार्कात बाकावर बसून डबा उघडला. भाचीने मेथीचे ठेपले दिले होते. तिथे मी ह्यांना तो व्हिडिओ दाखवला, 'मरणारा हंस'. नाच मिखाईल फोकिनने तिच्यासाठी बसवलेला, जेमतेम काही मिनिटांत, संगीत सां-साँचं, सगळं चेलोवर. ती चार हजार वेळा तरी नाचली म्हणतात. १९२५ ची फिल्म आहे, खरखरीत, वेग थोडा गडबडलेला. बाई अंगठ्यांवर इतक्या बारीक पावलांनी सरकते की पाय उचललेला दिसतच नाही, खाली फक्त थरथर, वर हात मात्र सावकाश, कोपरापासून मनगटापर्यंत लाट गेल्यासारखे. आणि मग कोसळते. कोसळते म्हणजे काय, पीसं दुमडून बसते.

१९३१ च्या जानेवारीत हेगच्या हॉटेलात न्यूमोनियाने गेली, पन्नाशीला तीन आठवडे कमी होते. शेवटी हंसाचा ड्रेस काढून ठेवायला सांगितला म्हणतात. दोन दिवसांनी लंडनच्या एका थिएटरात ऑर्केस्ट्राने तेच संगीत वाजवलं, पडदा उघडला, स्टेजवर कोणी नाही, फक्त दिव्याचा गोल फिरत राहिला, आणि लोक उभे राहिले.

हे सगळं मी सांगत होते आणि ह्यांचं लक्ष नव्हतं. मोबाईल माझ्या हातातून घेऊन परत पहिल्यापासून लावला होता. ठेपला हातात तसाच.

"ही पुढे जाते का मागे," म्हणाले, "कळतच नाही गं. थांब, परत बघू दे."

पाऊस यायला लागला तरी आम्ही तिथेच, छत्री मी धरलेली, २१० नंबरची बस आमच्यासमोरून गेली.