मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर: साताऱ्याच्या बोळात घर बांधताना आलेला अनुभव

साताऱ्यात पेठेतलं जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं म्हटलं की हमखास सल्ला मिळतो, "आहे त्या पायावरच उचला, कोण बघतंय?" आम्ही तसं केलं नाही. रीतसर परवानगी काढली, रस्त्याचं अंतर सोडलं आणि मग बांधलं. हे करताना जे समजलं ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्या भागात मातीच्या भिंतींची कितीतरी घरं आज ना उद्या पाडावीच लागणार आहेत.

आमचं घर मंगळवार तळ्याच्या बाजूला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव असल्यामुळं वरच्या अंगाचे बोळ चांगलेच उताराचे. आमचा बोळही उतरत येऊन मोठ्या रस्त्याला मिळतो आणि नेमक्या त्याच कोपऱ्यावर आमची जागा. बोळाकडं घराचं तोंड, रस्त्याकडं छोटं अंगण आणि त्याला दगडी कंपाउंड. पांढऱ्या मातीची मागची भिंत एका पावसाळ्यात फुगली आणि आईला तिथं ठेवणं धोक्याचं झालं. भाऊ पुण्यात नोकरीला, तेव्हा धावपळ माझ्याकडं आली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. गावठाणात सातबारा नसतो, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असते. आमच्या पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव होतं. वारस नोंद झाल्याशिवाय पुढं काहीच हलत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. काका, आत्या, आम्ही भावंडं, सगळ्यांच्या सह्या लागल्या. घर पाडायचं नुसतं मनात असेल तरी हे काम आजच सुरू करा.

आता मुद्द्याचं. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर ३ डिसेंबर २०२० पासून राज्यात बांधकामासाठी एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. तिच्यात जुन्या पेठांसारख्या दाट वस्तीचे नियम वेगळे आणि बाहेरच्या मोकळ्या प्लॉटचे वेगळे. नव्या कॉलनीत घर बांधलेल्या कुणाचे आकडे ऐकून पेठेतल्या घराचा हिशोब करू नये. दाट वस्तीत बोळ साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल, तर बोळाच्या मध्यरेषेपासून २.२५ मीटर अंतर सोडून बांधकाम करायचं. समोरच्यानंही बांधताना तेवढंच सोडायचं. असं एकेक घर मागं सरकत गेलं की कधीतरी अख्खा बोळ साडेचार मीटरचा होतो.

हा 'कधीतरी' किती महत्त्वाचा आहे ते मी पाहिलंय. बोळात वरच्या बाजूला राहणाऱ्या एका काकूंना रात्री छातीत दुखायला लागलं, तेव्हा ॲम्ब्युलन्स आमच्या कोपऱ्यावरच थांबली. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतारावरून खाली आणलं. एकजण मागून खुर्चीची पाठ धरून उलटा उतरत होता. त्या वाचल्या. पण त्या बोळात आगीचा बंब तर कधीच शिरणार नाही, हे आम्ही सगळे जाणून आहोत.

आर्किटेक्टनी पहिल्या भेटीत टेप लावली. समोरच्या ओट्यापासून आमच्या भिंतीपर्यंत बोळ भरला तीन मीटर. म्हणजे मध्यापासून आमची भिंत दीड मीटरवर, आणि आम्ही पाऊण मीटर मागं सरायचं. बोळाकडची घराची बाजू नऊ मीटर, त्यामुळं पावणेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७३ चौरस फूट जागा सुटणार. पेठेतल्या घरात हे एका न्हाणीघराएवढं क्षेत्र झालं.

हे ऐकून काका उसळलेच. "आगं, बाबांनी बांधलेली भिंत ही. तिथनं मागं सरायचं? आन् समोरच्यांनी ओटा पुढं घेतलाय त्यो कुणाच्या जागेत?"

काकांच्या रागातच खरा प्रश्न होता. मध्यरेषा कुणाच्या टेपनं ठरवायची? समोरचा ओटा बोळात आलेला असेल, तर आज दिसतो तो मध्य आमच्या बाजूला सरकलेला असणार. मी आर्किटेक्टना म्हटलं, नकाशा काढायच्या आधी सरकारी मोजणी होऊ दे. त्यांनाही ते पटलं.

सिटी सर्व्हेकडं मोजणीचा अर्ज केला, फी भरली. मोजणीच्या दिवशी भूकरमापक आले, लगतच्या सगळ्यांना आधी नोटिसा गेलेल्या होत्या. मी, काका आणि समोरचे नाना, तिघंही हजर होतो. साहेबांनी जुन्या नकाशातले पक्के कोपरे धरून मोजत आणलं आणि आमच्या दारासमोर खडूनं खूण केली. नकाशाप्रमाणं तिथं बोळाची रुंदी ३.६ मीटर निघाली. आमची भिंत नकाशातल्या हद्दीवर बरोबर होती, साठ सेंटिमीटर गेले होते ते समोरच्या ओट्यात. त्या हिशोबानं आमची भिंत मध्यापासून १.८ मीटरवर आली, आणि मागं सरायचं अंतर उरलं ४५ सेंटिमीटर. पाऊण मीटरचं अर्ध्या मीटरच्याही आत आलं. जागा सुटली सुमारे ४४ चौरस फूट, म्हणजे आधीच्या आकड्यापेक्षा तीसेक फूट कमी.

नानांचा चेहरा उतरला होता. पण मोजणी त्यांच्यासमोर झाली होती, खडूची खूण त्यांच्या पहिल्या पायरीवरच पडली होती, म्हणून वाद वाढला नाही. "मी बांधीन तेव्हा मागं घेईन," एवढंच म्हणाले. मी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली नाही. आपली भिंत बरोबर रेषेवर आणणं माझ्या हातात होतं, तेवढं केलं.

इथं एक फरक ध्यानात ठेवा. विकास योजनेतलं, म्हणजे शहराच्या मंजूर आराखड्यातलं, रस्ता रुंदीकरण ही यापेक्षा निराळी गोष्ट आहे. त्यासाठी झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे त्या आराखड्यात आपली जागा कशात येते ते दाखवणारे कागद, काढून बघायचे. तुमच्या जागेवर विकास योजनेचा रस्ता दाखवलेला असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणं ती जागा पैसे, चटईक्षेत्र (जास्तीचं बांधकाम करायची मुभा) किंवा टीडीआर (तीच मुभा दुसऱ्या जागेवर वापरायचा किंवा विकायचा हक्क), नाहीतर भूसंपादन कायदा, अशा मार्गांनी घेतली जाते. आमच्या बोळावर तसं काही नव्हतं. आमचं होतं ते नुसतं मध्यरेषेपासून सोडायचं अंतर. दोन्हींची गल्लत करून लोक महिनोन्महिने भांडत बसतात.

काकांचं मन वळलं ते दोन गोष्टींनी. एक तर मोजणीचा कागद. दुसरं म्हणजे मंजूर नकाशाशिवाय बँक गृहकर्ज देणार नव्हती. शिवाय परवानगीविना बांधलेलं घर पाडण्याची नोटीस त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली येऊ शकते. आईनं मात्र एकाच वाक्यात विषय संपवला, "त्या काकूंना खुर्चीतनं आणलं तवा तू पण धरलंवतंस की."

मग अंगणाचं कंपाउंड. जुनी दगडी भिंत डोक्याच्याही वर गेलेली होती. बोळातून उतरणाऱ्या माणसाला मोठ्या रस्त्यावरची गाडी दिसायचीच नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीवाल्याला बोळातून येणारा दिसायचा नाही. उतारावरून सायकली सोडून येणारी पोरं थेट रस्त्यावर. आर्किटेक्टनी सांगितलं की कोपऱ्यावरच्या प्लॉटला कंपाउंडचा नियम वेगळा आहे. एरवी पुढचं कंपाउंड दीड मीटरपर्यंत चालतं, पण कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीत भरीव भिंत ०.७५ मीटरच ठेवायची, वरचा भाग हवा असेल तर जाळीचा किंवा ग्रिलचा. चालकाची नजर कोपऱ्यातून आरपार जावी, हाच उद्देश. आम्ही कंबरेएवढी भिंत आणि वर उभ्या गजांचं ग्रिल केलं. आईला मोगऱ्याचा वेल ग्रिलवर चढवायचा होता, तो मागच्या बाजूला लावला. वेलानं झाकलं तर ग्रिलचा उपयोग काय?

भिंत उतरली, दिसायला लागलं, तरी उतारावर गाडी थांबली तरच दिसण्याचा उपयोग. बोळातल्या मुलांनी लाल रंगानं 'थांबा'ची पाटी रंगवून खांबाला बांधायची तयारी केली. त्यांची तळमळ खरी होती. मी चौकशी केली तेव्हा कळलं की असं परस्पर करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ प्रमाणं वाहतूक चिन्हं फक्त सरकार किंवा अधिकार दिलेली यंत्रणाच लावू शकते. चिन्हाचा आकारही ठरलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेत ते सगळं दिलंय. थांबण्याचं चिन्ह अष्टकोनी, लाल, पांढऱ्या कडेचं. हा आकार दुसऱ्या कुठल्याच चिन्हाला नाही, त्यामुळं धूळ बसली, रंग उडाला, किंवा पाटी मागून दिसली तरी ती कसली ते कळतं. नुसती गती कमी करून वाट द्यायची असेल तिथं उलटा त्रिकोण असतो. आमच्या कोपऱ्यावर समोरचं दिसायला गाडी पूर्ण थांबावीच लागते, म्हणून अष्टकोनाचीच मागणी केली.

काहींना गतिरोधक हवा होता. आयआरसी ९९ मधला नेहमीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी ताशी २५ किलोमीटरनं सुखरूप ओलांडेल असा. आपण गल्लोगल्ली जे टोकदार उंचवटे पाहतो त्यांच्याशी याचं काही नातं नाही. आमच्या उतारावर तसा उंचवटा घातला असता, तर पहिल्याच पावसात दुचाकीवाले पडले असते. मी त्याला ठाम विरोध केला.

नगरपालिकेकडं लेखी अर्ज दिला, प्रत वाहतूक शाखेला. अर्जाला बोळ आणि रस्ता दाखवणारा हातनकाशा, वरून आणि खालून काढलेले फोटो, आणि बोळातल्या सगळ्या घरांच्या सह्या जोडल्या. नानांचीही सही होती. वाहतूक शाखेचे हवालदार येऊन दुचाकीनं बोळातून स्वतः उतरून गेले. त्यांनी एक गोष्ट नेमकी सुचवली: पाटी उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि पाटीबरोबर रस्त्यावर पांढरी आडवी रेषाही हवीच, नाहीतर लोक पाटी ओलांडून थेट मोठ्या रस्त्यावर येऊन थांबतात. दोन्ही झालं, पण रेषा पाटीनंतर बऱ्याच उशिरानं आली. मधल्या काळात हवालदार म्हणाले तसंच होत होतं, गाड्यांची पुढची चाकं रस्त्यावर यायची.

बांधकाम परवानगीचा अर्ज आर्किटेक्टनी ऑनलाइन भरला. कायद्यात निर्णयाची मुदत ६० दिवसांची आहे. परवानगी मिळाली की ती एक वर्ष चालते, त्यात काम सुरू झालं नाही तर मुदतवाढ मागावी लागते. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी, म्हणजे काम मंजूर नकाशाप्रमाणं आहे का ते बघणं. त्या वेळी मी भूकरमापकांच्या खुणेपासूनचं अंतर पुन्हा मोजून घेतलं, कारण गवंडी चौकट बसवताना चार बोटं पुढं घेतोच आणि नंतर भोगवटा प्रमाणपत्राला (घर वापरायला मिळणाऱ्या परवानगीला) तीच चार बोटं आडवी येतात. पायऱ्या तर पूर्ण आतच घ्यायला लावल्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, एक पायरी बाहेर आली तर काय बिघडतंय?" मी त्यांना समोरचा ओटा दाखवला.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, आई राहायला गेली. आमच्या वरच्या बाजूचे शेजारीही आता घर पाडताहेत. त्यांनी मोजणीचा अर्ज आधी दिला आणि आर्किटेक्ट नंतर गाठला. आमच्या मोजणी नकाशाची प्रत त्यांच्या फायलीत आहे, म्हणजे बोळाची मध्यरेषा दोन्ही घरांना एकच धरली जाईल.