उशिरा पैसे देणाऱ्या पार्टीचं नवीन काम नाकारताना

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. एका कंपनीला आम्ही पिना आणि बुश बनवून द्यायचो. ड्रॉइंग स्वच्छ, रिजेक्शन जवळपास नाही, पण पेमेंट कधीच वेळेवर नाही. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) मुदत ४५ दिवस, हातात पैसे यायला तीन-चार महिने. मटेरियल आमचं, आणि बिलावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात आम्हीच भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. त्यांचा माल माझ्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या कर्जावर, बनत होता.

नवीन पीओ आली तेव्हा लगेच नकार कळवला नाही. आधी त्यांच्या अकाउंट्सकडून लेजर (दोघांच्या हिशोबाची खाती) जुळवून बाकी मेलवर कबूल करून घेतली. प्रत्येक चलनावर स्टोअरचा शिक्का आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नंबर आहे का, ते तपासलं. हे फार गरजेचं. काम बंद करताय असं कळलं की जुना माल अचानक ‘क्वालिटी होल्ड’मध्ये जाऊ शकतो, म्हणजे दर्जाच्या नावाखाली अडकू शकतो.

मग पर्चेसला फोन केला. “साहेब, चालू पीओ पूर्ण करून देतो, नवीन घेत नाही.”

“अहो, तुम्ही घरचे व्हेंडर! माल बंद केलात तर तुमचं पेमेंट मी कसं काढू?”

मला याचीच धास्ती होती. “माल तुम्ही घेतलाय, जीआरएन झालाय. त्याचा नव्या पीओशी संबंध नाही,” एवढंच म्हणालो आणि तेच मेलवर पाठवलं. त्यांच्या गेज (मापं तपासायच्या) आणि फिक्स्चर (जॉब पकडायच्या) चलनावर परत केल्या, अडवून धरल्या नाहीत.

बाकीसाठी वेगळं पत्र दिलं, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) नंबरासकट. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार करार काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण अकाउंट्सवाले हलले ते आयकराच्या ४३बी(एच) कलमामुळे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदतीबाहेर थकलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं होईपर्यंत माल घेणाऱ्याला खर्चात धरता येत नाही. मार्च तोंडावर होता.

पैसे तुकड्यातुकड्यांनी आले. शेवटची दोन बिलं अजून बाकी आहेत. त्यांची कागदपत्रं थकबाकीच्या तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर टाकायला तयार ठेवली आहेत. मोकळ्या झालेल्या लेथवर आता एका पंपवाल्याचं काम चालतं. रेट थोडा कमी आहे, पण निम्मा अ‍ॅडव्हान्स पीओसोबतच येतो.