गोळा किती लांब गेला, तेही दाखवा

मुंबईच्या एका एजन्सीतून फोन आला. पौष्टिक पेयाच्या टीव्ही जाहिरातीसाठी त्यांना खरीखुरी पॅरा खेळाडू हवी होती. मी एफ-५७ गटात, म्हणजे पायांत अपंगत्व असलेल्यांच्या, खुर्चीत बसून फेकायच्या गटात गोळाफेक करते, सराव पुण्याच्या सणस मैदानावर. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डाव्या पायात कॅलिपर (आधाराचा सांगाडा) आणि हातात कुबडी असते. आमची भूमिका धडधाकट नटीला देण्यापेक्षा आमच्यापैकीच कुणाला तरी विचारलं, याचा आनंद झाला आणि मी हो म्हटलं.

ऑडिशन कोथरूडला झाली. पोलिओ कधी झाला, शाळेत मुलं चिडवायची का, आई रडायची का, हे सगळं खोदून खोदून विचारलं. माझी सर्वोत्तम फेक किती, हे काही कुणी विचारलं नाही. माझी आई रडत बसणारी नव्हतीच. माझा वर्ग तळमजल्यावर आणावा म्हणून ती मुख्याध्यापकांशी भांडली होती. तेही सांगितलं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही.

मग स्क्रिप्ट आली. अंधारी खोली, पदरानं डोळे टिपणारी आई, धो धो पाऊस. मी व्हीलचेअरवरून पडते, उठते, कुबड्या भिरकावून देते आणि गोळा फेकते. गोळा हवेत असतानाच पेयाचा डबा येतो आणि आवाज म्हणतो, ‘तिला जमतं, मग तुम्हाला का नाही?’ मी व्हीलचेअर वापरतच नाही. कुबडी भिरकावली तर मैदानाच्या फाटकापर्यंतही पोहोचायची नाही. पण मला सगळ्यात जास्त लागली ती शेवटची ओळ. पाहणाऱ्याला लाज वाटावी म्हणून माझं शरीर मध्ये उभं केलं होतं, आणि मी वर्षानुवर्षं शिकलेला खेळ त्यात कुठेच नव्हता.

माझे प्रशिक्षक, म्हणजे सर, म्हणाले, ‘नाही म्हणू नकोस. काय हवं ते लिहून दे.’ म्हणून सविस्तर मेल लिहिली. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात पडद्यावरच्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्यांचा आधार घेतला. अपंग माणसाची टर उडवू नये, तसंच दुसऱ्या टोकाला जाऊन त्याला अचाट महामानवही करू नये, अडचणींबरोबर यश आणि कौशल्यही दाखवावं, असं त्यात आहे. खटला चित्रपटाबद्दलचा होता, पण निकालपत्राचं नाव वाचल्यावर एजन्सीचा सूर बदलला एवढं खरं. ब्रिटनच्या चॅनल फोरचं उदाहरणही दिलं. २०१२च्या लंडन पॅरालिम्पिकला त्यांनी खेळाडूंना ‘सुपरह्यूमन’ म्हणून मिरवलं होतं. २०२४ला मात्र त्यांच्याच जाहिरातीनं ‘अशा अवस्थेत एवढं करतो’ या कौतुकालाच जाब विचारला.

एजन्सीबरोबरच्या बैठकीत मी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकचा व्हिडिओ लावला. आमच्याच गटात, पुरुषांमध्ये, होकातो सेमा यांनी १४.६५ मीटर फेक करून कांस्य घेतलं. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेल्या या जवानाची गोळाफेक पुण्यातल्या लष्कराच्या बीईजी (बॉम्बे इंजिनिअर ग्रुप) सेंटरमध्ये सुरू झाली. पॅरा जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांचंही सांगितलं: हायडेलबर्ग पॅरालिम्पिक, १९७२, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, सुवर्ण. माझं म्हणणं एकच होतं, आकडा दाखवा. क्रिकेटपटूच्या जाहिरातीत त्याचा फटका दिसतो, मग माझी फेक का नको?

आई, पाऊस आणि व्हीलचेअर गेली. करारात मी दोन गोष्टी घालून घेतल्या. जाहिरात किती काळ आणि कुठे वापरणार ते स्पष्ट लिहायचं, आणि डबिंगच्या आधी मला रफ कट, म्हणजे जाहिरातीची कच्ची जुळणी, दाखवायचा. दुसऱ्या अटीसाठी बरीच घासाघीस झाली. मानधन थोडं कमी केलं त्यांनी, मी ते चालवून घेतलं.

शूटिंगला माझ्या फेकायच्या खुर्चीच्या पट्ट्यांवरून अडलं. ‘मॅडम, बांधून ठेवल्यासारखं दिसतंय, काढू या का?’ असं दिग्दर्शक म्हणाले. मग मी त्यांना खुर्चीपाशी बोलावलं. आमची खुर्ची गादीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. ती पट्ट्यांनी जमिनीला आवळलेली असते, कारण जरा हलली की फेकीतली ताकद तिथेच जिरते. पायांचा रेटा कमी, म्हणून एका हातानं समोरचा खांब धरायचा, कंबरेतून पीळ द्यायचा आणि तीन किलोचा गोळा मानेपासून पुढे ढकलायचा. बूड उचललं की फाउल. त्यांना मी फेकताना अर्धी उठलेली हवी होते, म्हणजे नेमका फाउल! हे कळल्यावर ते स्वतः खुर्चीत बसले, खांब धरून पाहिला, आणि कॅमेरा खाली पट्ट्यांच्या उंचीवर लावायला सांगितला. आवळलेला पट्टा, खांबावरची पांढरी पडलेली बोटं, मानेला लागलेला पांढऱ्या पावडरीचा डाग. जाहिरातीतला सगळ्यात चांगला शॉट तोच आहे.

रफ कटमध्ये ‘तुम्हाला का नाही’ परत आलं होतं. कराराचा कागद पुढे केला, तेव्हा ते निघालं. गोळा जमिनीवर पडताना दिसतो, शेजारी अंतराचा आकडाही येतो. रडवं पियानो संगीत मात्र राहिलं, त्यावर माझं काही चाललं नाही.

आमच्या मैदानावरच्या एका भालाफेकपटू मुलीला आता मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी विचारलंय. तिला माझी मेल आणि करारातली ती दोन कलमं पाठवली आहेत. तिची स्क्रिप्ट आली की आम्ही दोघी सरांबरोबर बसून वाचणार आहोत.