बोटीच्या इंजिनाचा धूर: आधी पांढरा, मग काळा (माझा अनुभव)

आमची मासेमारीची बोट वर्सोव्याच्या खाडीत असते, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, एक्झॉस्टमधे खारं पाणी मिसळून मागून पाण्याजवळ बाहेर पडतं असं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा बोट वर घेऊन ताडपत्री टाकून ठेवली होती. बंदी उठल्यावर बोट पाण्यात टाकली, स्टार्ट मारला आणि मागून पांढरा धूर, तो पण मिनिटभर नाही, अर्धा तास झाला तरी चालूच आणि इंजिन मिसिंग मारतंय. बर्फ भरायचा होता, खलाशी गावावरून आले होते, आणि बाबा नुसते मागे उभे राहून धुराकडे बघत होते ते मला बघवेना.

मिस्त्री आला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, हाफ इंजिन करायला लागेल, म्हणजे इंजिन खोलून रिंगा बदलायच्या. तसं बघितलं तर चूक नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधे हवेवर पडणारा दाब, कमी झालं तरी डिझेल नीट जळत नाही आणि पांढरा धूर येतो. पण हंगामाच्या तोंडावर इंजिन खोललं की महिना गेला, म्हणून मी म्हटलं दोन दिवस द्या, आधी मी बघतो.

पहिला प्रश्न हा की धूर आहे का वाफ. आमच्याकडे ऑगस्टच्या दमट हवेत वाफ पण दाट दिसते, पण ती थोडं पुढे जाऊन विरते, धूर मात्र पाण्यावर रेंगाळतो आणि डोळ्यांना झोंबतो. आमचा रेंगाळत होता, वास कच्च्या डिझेलचा, आणि बोटीमागे पाण्यावर सप्तरंगी तवंग. म्हणजे न जळलेलं डिझेल बाहेर येत होतं. तरी पाण्याची बाजू तपासलीच, समुद्राच्या पाण्याची जाळी साफ, पाणी खेचणाऱ्या पंपातल्या इम्पेलरची (रबरी चक्राची) पाती शाबूत, मागून पाण्याची धार नेहमीसारखी, कुलंटची लेव्हल जागेवर आणि ऑइल दुधासारखं झालेलं नाही, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, ते फाटलं की पाणी सिलिंडरात जातं) गेल्याचा संशय सोडला. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं तर भकाभका धूर येत नव्हता, निळा धूर पण नव्हता. रिंगा एवढ्या गेल्या असत्या तर यातलं काहीतरी दिसलं असतं असं मला वाटलं.

मग मंद स्पीडला इंजिन ठेवून एकेका नोजलच्या (सिलिंडरमधे डिझेलचा फवारा मारतं ते) पाइपाचा नट जरा जरा सैल केला. चालू सिलिंडरचा नट सैल केला की आवाज लगेच पडतो, चार नंबरचा केला तर काहीच फरक नाही. म्हणजे चार नंबर मेलेला. (हे करताना वर जाड फडकं आणि बोटं लांब, प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसली तरी तसंच हॉस्पिटल गाठायचं, हे मनापासून सांगतोय.) मग इंजिन बंद करून चार नंबरचं नोजल दोन नंबरला आणि दोनचं चारला लावलं, तांब्याचे वॉशर नवीन घातले, हवा काढली, आणि आता मेलेला दोन नंबर! तेव्हा माझ्या जिवात जीव आला, कारण रिंगा गेल्या असत्या तर दोष चार नंबरलाच राहिला असता, नोजलबरोबर सरकला नसता.

सगळी सहा नोजलं काढून पंपवाल्याकडे, म्हणजे डिझेलचे पंप-नोजल दुरुस्त करणाऱ्याकडे, नेली. टेस्टरवर पाच जणांचा फवारा बारीक धुक्यासारखा आणि ते एक नुसतं ठिबकत होतं, आत सुई गंजून अडकलेली. गंज कुठून आला ते फिल्टरखालचा स्क्रू सोडल्यावर कळलं, काचेच्या बरणीत धरलं तर तळाला दोन बोटं पाणी. टाकी दोन महिने अर्धी रिकामी होती आणि पावसाळ्यात रिकाम्या भागात दव धरतं, ते खाली जाऊन बसलं. टाकी तळापासून साफ केली, फिल्टर बदलले, नोजल नवीन टाकलं, आणि ऑइल पण बदललं कारण डिपस्टिकला डिझेलचा वास येत होता.

पांढरा धूर गेला. पण खाडीच्या तोंडाशी रेस वाढवली तर काळा धूर, आणि इंजिन पुरे आरपीएमच घेईना. न्यूट्रलला रेस दिली तर एकदम साफ. एअर फिल्टर काढून बघितला, ठीक होता. म्हणजे लोड जास्त पडतोय, गव्हर्नर (स्पीड सांभाळणारा भाग) डिझेल वाढवत जातो पण तेवढी हवा नसते, मग काजळी. ओहोटीला बोट चिखलावर टेकल्यावर काका आणि मी गुडघाभर चिखलात उतरलो तर बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या मागे शाफ्टला (दांड्याला) नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिक वितळून घट्ट गुंडाळलेलं, करवतीच्या पात्याने कापायला दीड तास गेला. खाडीत किती प्लॅस्टिक आहे ते तुम्हाला सांगायला नको, बाबांच्या तरुणपणी इथे तळ दिसायचा म्हणतात.

संध्याकाळच्या भरतीला परत बाहेर काढली, पुऱ्या रेसला नेली, मागे फक्त पाण्याची धार. दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ भरला. आता बंदीआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो आणि दर फेरीआधी फिल्टरखालचं थोडं डिझेल त्याच बरणीत काढून बघतो.