झाकण आहे का?

आमच्या मागच्या दारी धूर दिसला की सोसायटीतलं कोणीतरी कुंपणापाशी थांबतंच. प्रश्न ठरलेला असतो : "आम्हालाही बार्बेक्यूची शेगडी घ्यायची आहे हो. गॅसची घेऊ की कोळशाची?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी माझाच एक प्रश्न. जी बघून ठेवलीत तिला झाकण आहे का?

मी मुलुंडला तळमजल्यावर राहतो. अंगण म्हणजे स्वयंपाकघरामागची सहा बाय दहा फुटांची फरशी, एक कढीपत्ता आणि डोक्यावर चार मजल्यांचे वाळत घातलेले कपडे. पहिली शेगडी मी स्वस्तात बघून घेतली, काड्यांसारख्या पायांची उघडी पत्र्याची पेटी. कोंबडीच्या तंगड्यांची चरबी कोळशावर गळली की भडका. भडक्यावर पाणी शिंपडलं की राख उडून मसाल्यावर. मेहुण्याच्या ताटात पडलेली तंगडी बाहेरून काळीठिक्कर आणि हाडापाशी गुलाबी होती. तो बिचारा काही बोलला नाही, नुसता लिंबू पिळत राहिला. ऑगस्टात तळ गंजून हातात आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही.

मग झाकणाची गोल शेगडी घेतली. हिचा जन्म १९५२ सालचा. अमेरिकेतला जॉर्ज स्टीफन ज्या वेबर ब्रदर्स कारखान्यात काम करायचा, तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी धातूचे गोल बनत. वाऱ्यापावसात उघड्या शेगडीशी झटून कंटाळलेल्या या गृहस्थाने तसा एक गोल मधोमध कापला, खालच्या वाटीला पाय लावले, वरचीला मूठ. माझं आजोळ अलिबागकडचं, त्यामुळे मला याचं फार नवल वाटलं नाही. थंडीत शेतात पोपटी लावतात तेव्हा दुसरं काय करतात? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, जमलं तर अंडी नि कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. आतल्या वाफेत सगळं शिजतं.

शेगडीचंही तेच, फक्त इथे हवा आपल्या हातात असते. खालच्या झडपेतून ती आत येते, वरचीतून धूर बाहेर जातो. खालची अर्धी लोटली की कोळसा निमूट होतो. निखारे एका बाजूला, तंगड्या दुसऱ्या बाजूला, वर झाकण, आणि पाऊण तास हात लावायचा नाही. आमचे मामा दर पाच मिनिटांनी "बघू तरी" म्हणत झाकण उचलतात. तेवढ्यात जमवलेली सगळी धग उडून जाते. खुपसायचा थर्मामीटर मात्र घ्याच. हाडाजवळ ७४ डिग्री दिसले की कोंबडी शिजली.

बांगड्याला याच्या उलट. निखाऱ्यांच्या थेट वर, जाळी कडक तापलेली. तिच्यावर अर्धा कांदा काट्याला टोचून घासायचा, तेल माशाला लावायचं. मग उलथन्याने खरवडायची घाई नको. साल भाजली की बांगडा आपणहून जाळी सोडतो. सोडत नसेल तर अजून व्हायचा आहे. हे कळेपर्यंत मी चार बांगड्यांचा भुगा केला.

गॅसची वाईट नाही. रोज संध्याकाळी दोन पनीरचे तुकडे भाजणार असाल तर तीच घ्या. पण ती धुरकट चव येते कोळशावर गळलेल्या चरबीच्या धुराने. त्यात आंब्याच्या वाळक्या लाकडाचा मुठीएवढा तुकडा टाकला की धुरावर मांस शिजवायचा वेगळा स्मोकर कशाला? आठ-दहा तास मंद आचेवर मांस ठेवायला आपल्याला रविवार तरी कुठे पुरतो. धूर मात्र निळसर, जेमतेम दिसेल इतकाच हवा. पांढरा दाट धूर म्हणजे कडू जेवण. कोळसा पावसाळ्यात सादळतो, पत्र्याच्या डब्यात ठेवा. पेटवताना रॉकेलचं नावही काढू नका. आणि बंद बाल्कनीत ही पेटवायची नाही म्हणजे नाही, कोळशाचा विषारी वायू नाकाला कळत नाही.

"पण कोळशावर बंदी आली ना?" असंही विचारतात. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या आणि हॉटेलांच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ते धंद्याच्या भट्ट्यांबद्दल. माझं न्यायालय तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या वहिनींच्या चादरींना एकदा बांगड्याचा वास लागला, तेव्हापासून कपडे आत गेल्याशिवाय मी काडी ओढत नाही.

आता वहिनीच गॅलरीतून विचारतात, "भाऊजी, आज पेटवताय का?" आणि दोरीला बांधलेली पिशवी खाली येते. आत तेल लावलेली दोन भरताची वांगी असतात. वांगी आधी, कोंबडी नंतर, ही त्यांची अट. निखाऱ्यात काळीकुट्ट झालेली वांगी ताटलीत घालून पिशवी वर जाते, आणि मग मी तंगड्या लावतो.