तुम्ही विचारलंत म्हणून: भाविक श्पे त्या खटल्यांविरुद्ध कसा उभा राहिला?

फ्रीडरिश श्पेच्या कविता वाचून दाखवल्या की हा प्रश्न हमखास येतो. रानात पाखरांच्या जोडीनं देवाला आळवणारा हा जर्मन पाद्री चेटकिणींच्या खटल्यांविरुद्ध पुस्तक कसं लिहितो? बायकांना जाळणारेही देवाचंच नाव घेत होते ना?

घेत होते. आणि श्पेही त्यांच्याच धर्माचा होता, पुरता भाविक. जन्म १५९१चा, ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवेर्टचा. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेल्यावर १६१७ मध्ये त्यानं रोमला पत्र लिहून विनवलं होतं, मला हिंदुस्थानात पाठवा. ते झालं नाही. ज्यांचं शव आजही गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियरांवर मात्र त्याची कविता आहे. जपानला जाऊ नका, समुद्र खवळलेला असतो, असं सगळे बजावतात आणि झेवियर म्हणतात, वाऱ्यालाटांच्या गोष्टी मला सांगू नका.

१६३१ मध्ये रिंटेल्न या प्रोटेस्टंट गावात ‘काउत्सिओ क्रिमिनालिस’ छापलं गेलं. लॅटिन पुस्तक, लेखकाचं नाव नाही. सगळं प्रश्नोत्तरांत. चेटूक नसतंच, असं श्पे म्हणत नाही. तो विचारतो, हाल करून वदवून घेतलेली कबुली खरी कशी मानायची? एका प्रकरणात तो एका बाईचा खटला पायरीपायरीनं मांडतो. तिचं वागणं वाईट होतं? मग पुरावा मिळालाच. चांगलं होतं? चेटकिणी साळसूदपणाचं सोंग घेतातच. पकडल्यावर घाबरली, तर मन खातंय. नाही घाबरली, तर सैतानाचा आधार आहे. बाईला सुटायला फटच नाही. आणि ‘हालांखाली कुणीही कबूल होईल, आपणसुद्धा’, हे तो न्यायाधीशांना आणि धर्मगुरूंना तोंडावर सुनावतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मते श्रद्धा बाजूला ठेवून त्यानं हे लिहिलेलं नाही, श्रद्धेतूनच लिहिलं. निरपराध माणसं भरडली जाणं देव होऊच देणार नाही, असं खटलेवाले म्हणत. श्पे म्हणतो, हुतात्म्यांच्या बाबतीत होऊ दिलंच की! गव्हातलं तण उपटताना गहूही उपटला जाईल, दोन्ही वाढू द्या, हा येशूचा दृष्टान्त तो खटल्यांना लावतो. आणि त्याची ती रात्रीच्या बागेतली कविता वाचा. अंधारात कुणाचा तरी आक्रोश ऐकू येतो, कवी कान देतो, आणि तो येशू असतो, अटकेच्या आदल्या घटकेचा, आईचा निरोप घेणारा. दुःखानं चंद्रही मावळू पाहतो. ज्याचा देवच निरपराध असून दोषी ठरला, त्याला कोठडीतल्या बाईचं रडणं ऐकू येणारच. तिथून आलेला धीर मला कुठल्याही तर्कशास्त्रापेक्षा मोठा वाटतो.

पुस्तकावरून संघातल्या वरिष्ठांचा रोष त्यानं ओढवून घेतला. १६३५ मध्ये ट्रियर शहरात जखमी आणि आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीनं त्याला गाठलं. ७ ऑगस्टला तो गेला. ‘ट्रुट्झनाख्टिगाल’ हा कवितासंग्रह त्यानंतर चौदा वर्षांनी, १६४९ मध्ये, छापला गेला.

वाचायला कुठून सुरुवात करू, असंही बरेच जण विचारतात. आधी त्या बाईच्या खटल्याचं प्रकरण वाचा, ते एक्कावन्नावं आहे. बागेची कविता त्यानंतर.